उसना घाम

सकाळी साडेसातलाच हणमंतच्या दंडावरची पट्टी हिरवीची पिवळी झाली. म्हणजे ताई थांबली होती.

पद्माताई रोज टेकडीच्या तीनशे पायऱ्या दोनदा चढायची. तिच्या दंडावरही तशीच पट्टी होती, आणि तिच्या व्यायामाचा गुण घरी खाटेवर लोळणाऱ्या भावाच्या अंगात उतरायचा. पट्टी हिरवी असली की त्याला दारू आठवत नसे. डॉक्टरांनी ही सोय तीन महिन्यांपुरती दिली होती. पुढे त्याने स्वतः चालायचं होतं. ताईने मायेपोटी दोन वर्षं चालवलं.

फोन लागेना. बासष्ट वर्षांची बाई, टेकडीवर एकटी. हणमंत अनवाणीच पळत सुटला.

कोपऱ्यावर देशी दारूचं दुकान उघडत होतं. जीभ कोरडी पडली, पाय तिथेच घुटमळले.

"या हणमंतराव, बऱ्याच दिवसांनी," दुकानदार म्हणाला.

त्याने डोळे रस्त्यावर रोवले आणि पुन्हा पळू लागला.

ताई शंभराव्या पायरीवर बसली होती. पाऊल सुजलं होतं, फोन फुटून पडला होता.

"उठू नकोस," तो धापा टाकत म्हणाला. "मी उचलतो."

ताईने त्याची बाही वर सारली. पट्टी हिरवीगार होती.

"अर्धा तास झाला, मी इथून हललेली नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच्या दंडावरची पट्टी सोडवू लागली.