फौजदाराचा तळहात

लष्करी कायदा पुकारलेल्या सोलापुरात गोळीबारात मेलेल्यांची नावे छापणाऱ्याला सक्तमजुरी होती, मारणाऱ्याला नव्हती. झडतीला आलेल्या फौजदाराला छापखान्यात शाई लावलेले छपाईचे खिळे दिसले, पण उलटी अक्षरे वाचता येईनात. “हे काय रे?” “लगीनपत्रिका हाय की, रावसाहेब,” खिळे जुळवणारा नरसय्या म्हणाला. “मुहूर्त कधीचा?” “तुमी गेल्यावरचा.” फौजदार हसला; पण कुतूहल कायद्याहून जुने असते. त्याने उजवा तळहात खिळ्यांवर दाबला आणि उचलून पाहिला. कातडीवर मृतांची नावे सुलटी उमटली होती. त्यांतल्या तिघांची प्रेते त्यानेच उचलवली होती. नरसय्याने बेडीसाठी हात पुढे केले. तेवढ्यात गोरा साहेब आला आणि फौजदाराने सवयीने तळहात उघडून सलाम ठोकला. मराठी वाचता न येणारा हा साहेबच मराठी वृत्तपत्रे तपासत असे. “हे काय?” साहेबाने त्या तळहाताकडे बोट दाखवले. “लग्नपत्रिका, साहेब,” फौजदार म्हणाला. “आमच्या घरची.”