न्यायला आलेला कागद

"बाकडं पण असलं ठेवलंय, की माणसानं बसूच नये," कुसुमताई पुटपुटल्या आणि लेकीला आणखी जरा खेटून बसल्या.

पिंपरीच्या कोर्टात आज करिष्माची तारीख होती. जावई सुजितनं दावा लावला होता: बायको कारण नसताना माहेरी राहिलीय, तिला नांदायला पाठवा.

दिवाळसणाला आणलेली लेक दीड वर्ष झालं चिखलीत माहेरीच होती. सुजित कुरुळीहून तीनदा न्यायला आला. तिन्ही वेळा कुसुमताईंनी त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. नवऱ्याच्या माघारी एकटीनं वाढवलेली पोर अशी कुणाच्याही हवाली करायची नसते. लेक कामाला जाई त्या कंपनीच्या बसपर्यंत त्या रोज तिच्यासोबत जात, सुटायच्या वेळेला घ्यायला उभ्या राहत. तिचा फोनही आपल्याच उशाखाली ठेवत. पोर भोळी, गोड बोलण्याला भुलायची.

आणि आता हा कोर्टाचा कागद. तो आल्यापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. करिष्मानं मात्र पोस्टमनला सही दिली आणि रेशनकार्ड ठेवावं तसा तो घडी घालून कपाटात ठेवला.

वकीलबाई अरुंधतींनी समजावलं होतं, की कायदा मूळचा साहेबाचा. आधी आपल्याकडं असलं काही चार जाणती माणसं मध्ये पडून मिटवायची. बायको नांदत नाही म्हणून कोर्टात जायची वाट इंग्रजांनी पाडली. पुढं त्यांनी स्वतःच्या देशात तो कायदा मोडीत काढला, आपण मात्र जपून ठेवला.

"म्हणजे त्यांनी टाकलेली कापडं आपण इस्त्री करून घालतोय," कुसुमताई म्हणाल्या होत्या. वकीलबाई हसल्या. करिष्मा हसली नाही.

पुकारा झाला. समुपदेशक बाईंनी सुजितसकट तिघांना आत घेतलं आणि करिष्माला विचारलं, तुमची काय इच्छा आहे?

कुसुमताईंनी लगेच सुरुवात केली, की तिला नाही जायचं, तिचं मन त्यांना ठाऊक आहे, तिला बोलता येत नाही. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. सुजित फरशीकडं बघत राहिला.

"दावा लावायला मीच सांगितलं, मॅडम," करिष्मा म्हणाली. "मैत्रिणीच्या फोनवरून. मला जायचंय. पण आईला नाही म्हणणं माझ्याच्यानं होत नाही. म्हटलं, कोर्टानं म्हणावं."