खाली ठेवलेला वस्तरा

घड्याळवाल्या काकांच्या गालांवर फेस चढवून झाला होता. धाकट्याने वस्तऱ्यात नवं पातं बसवलं, दोन बोटांनी काकांची हनुवटी वर केली आणि तो तसाच उभा राहिला. पापण्या मिटल्या. उघडल्या तेव्हा वस्तरा काकांच्या कानाखाली टेकला होता. तो तिथवर कसा पोचला, हे त्याला आठवेना.

त्याने वस्तरा आरशाखालच्या फळीवर ठेवला आणि मागे सरला.

"काका, आज माझ्याकडून दाढी नको."

शेजारच्या खुर्चीपाशी त्याचा मोठा भाऊ एकाचे केस कापत होता. दुकान दोघांचं. भाऊ घाईघाईने म्हणाला, "रात्री जागरण झालंय त्याला. सर्दीपण आहे. थांबा काका, मी येतो."

"जागरण नाही, दादा. झोपच झोप झालीय." धाकटा काकांकडे वळला. "मला मनाचा आजार आहे, काका. नवी गोळी सुरू केलीय. तिने डोकं शांत झालं, पण दिवसाही डोळे मिटतात. आत्ता मिटले होते. वस्तरा तुमच्या गळ्याशी असताना."

बाकावर वाट बघत बसलेल्याने पेपर खाली केला. दादाची कात्री थांबली.

"चारचौघांत कशाला बोललास?" तो पुटपुटला.

काकांनी आरशात आपला गळा नीट न्याहाळला. या बाजूने, मग त्या बाजूने.

"बोलला म्हणून मी आज धडपणे घरी जाणार आहे," ते म्हणाले. "नाहीतर बायकोला काय तोंड दाखवलं असतं? तोंड तरी उरलं असतं का?"

बाकावरचा माणूस फिसकन हसला. धाकट्यालाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच डोळे भरले.

"उद्यापासून गोळी बंद करतो," तो म्हणाला. "हात चालला नाही तर दुकान कसं चालायचं? दादाने एकट्याने किती ओढायचं?"

"करच बंद," दादा म्हणाला.

"डॉक्टरांना विचारलंस?" काकांनी विचारलं.

"सारखं काय त्यांना त्रास द्यायचा."

"घड्याळ मागे पडायला लागलं तर माझ्याकडे आणतोस ना? की गटारात फेकतोस? लाव फोन."

धाकट्याने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फळीवर ठेवला. डॉक्टर मॅडमनी त्याचं सगळं बोलणं पुरं होऊ दिलं.

"वस्तरा खाली ठेवलात, फार चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "आता सांगा, गोळी कधी घेता?"

"दुकान बंद करून, जेवून, सगळी आवराआवर झाली की. अगदी आडवं होताना."

"आणि दुसरं काही औषध?"

"दुसरं काही नाही. म्हणजे, सर्दीची गोळी. काल घेतली, आज सकाळी घेतली."

"ती कोणी दिली?"

दादाने हातातली कात्री खिशात घातली, पुन्हा बाहेर काढली.

"मी दिली," तो फोनकडे बघत म्हणाला. "घरात होती."

"ती आता देऊ नका. तिनेही झोप येते. दोन्ही एकत्र झाल्या की माणूस पेंगणारच. माझी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. आज ती लवकर घ्या, संध्याकाळी जेवण झाल्या झाल्या, म्हणजे सकाळपर्यंत बरीचशी उतरेल. शरीराला सवय झाली की सुस्ती बहुतेकदा कमी होते. तोवर वस्तरा नाही, स्कूटर नाही. उद्या येऊन भेटा. तेव्हाही जड वाटत असेल तर मात्रा बदलू. वाटा पुष्कळ आहेत."

"डोकं शांत झालंय, ते शांतच राहील ना?"

"त्यासाठीच तर हे सगळं चाललंय."

"मी येतो त्याच्याबरोबर," दादा मध्येच म्हणाला. "दुकान उशिरा उघडू. उपकार झाले, मॅडम."

काकांच्या चेहऱ्यावरचा फेस वाळून त्याला पापुद्रे सुटले होते. हातातल्या गिऱ्हाइकाचे केस आटपून दादाने तो ओल्या फडक्याने पुसला, नवा चढवला आणि वस्तरा हातात घेतला. बाकावरच्या माणसाने सरकून जागा केली. धाकटा बसला. त्याने भिंतीला डोकं टेकवलं आणि काकांचा एक गाल होईतो तो घोरायलाही लागला.

काका पैसे देऊन निघाले तेव्हा धाकट्याची बायको डबा घेऊन दारात उभी होती. बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेल्या नवऱ्याकडे ती बघत राहिली. दादा ओशाळला.

"थांब, उठवतो त्याला. गिऱ्हाईक बसलंय आणि हा बघ."

"नका उठवू, भाऊजी." तिने डबा आवाज न करता खाली ठेवला. "महिनोन् महिने हे रात्रभर येरझाऱ्या घालायचे. मी डोक्यावरून पांघरूण घेतलं तरी पावलं ऐकू यायची. आता घोरतात. मी मुद्दाम थोडा वेळ जागी राहते. ऐकायला."

बाकावरचा माणूस हळूच उठला आणि खुर्चीत जाऊन बसला. दादाने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, केस कापायचं मशीन घेतलं, बटण दाबलं. मशीन घुरघुरलं. त्याने ते लगेच बंद केलं आणि कात्री उचलली.