मानवतील अशा लेन्स

रचनाने तिसऱ्यांदा मान मागे घेतली, तेव्हा किशोरीने बोटावरची लेन्स पुन्हा डबीत ठेवली.

"घाबरू नका. दुखत नाही."

"न्हाय, घाबरत न्हाय," रचना म्हणाली आणि तिने दाराकडे बघितलं.

दाराजवळच्या बाकावर तिचा नवरा बसला होता. अजित. अलिबागच्या बाजारपेठेतल्या या चष्म्याच्या दुकानात किशोरी चार वर्षं डोळे तपासत होती. एक दिवस तो त्या दारातून आत येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी हाच अजित तिच्या घरी दोनदा पोहे खाऊन गेला होता. दुसऱ्या खेपेला तर, "तुम्ही हसलात की बरं वाटतं," असं हळूच म्हणालाही होता. आठवड्याने त्याच्या आत्याचा निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण चष्मा म्हणजे सोडावॉटरच्या बाटलीचं बूड. बाबांनी तो निरोप घरात जसाच्या तसा सांगितला. त्यानंतर किशोरीने आधी पनवेलला जाऊन डोळे तपासण्याचा कोर्स केला आणि मग स्वतःच्या डोळ्यांत लेन्स घातल्या.

"चष्मा गेला वाटतं तुझा," आत आल्या आल्या तो हसत म्हणाला होता. जुना शेजारी भेटावा तसा.

"हो, गेला," ती म्हणाली होती.

आता तिने कागद पुढे ओढला. लेन्स देण्याआधी माणसाचा दिवस कसा जातो ते विचारावं लागतं.

"सकाळी किती वाजता उठता?"

"साडेपाचला," उत्तर अजितने दिलं. "काशीदला आमची कॉटेजेस आहेत ना. सहा वाजता पर्यटकांना चहा लागतो."

"चुलीजवळ किती वेळ?"

"सकाळी तीन तास, संध्याकाळी चार. लोकांना चुलीवरचंच हवं असतं," पुन्हा तोच म्हणाला.

"दुपारी झोपता?"

"पावणेतीन ते सव्वातीन," अजित म्हणाला. "त्या वेळी मीही हिला हाक मारत नाही."

किशोरीने ते लिहून घेतलं. पेन जरा जास्तच रुतलं. तिचा स्वतःचा नवरा, सदा, न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला होता आणि शनिवारी घरी यायचा. स्वभावाने गरीब माणूस. पण ती दुपारी झोपते की नाही, हे त्याला विचारलं असतं तर तो डोकं खाजवत बसला असता. आणि या बाईचा मिनिटामिनिटाचा हिशोब हिच्या नवऱ्याला तोंडपाठ.

"समुद्रात पोहता?" तिने मुद्दाम रचनाकडे बघून विचारलं.

रचनाने अजितकडे बघितलं.

"छे," तो म्हणाला. "मी जाऊच देत नाही. पाण्याचा काय भरवसा?"

किशोरीने तिला पुन्हा नीट न्याहाळलं. सावळा, तरतरीत चेहरा. दोन्ही बाजूंनी कपाळावर ओढून घेतलेले केस. नंबर उणे साडेतीन. फार नाही, पण कमीही नाही. म्हणजे हिलाही चष्माच होता. तो बघूनही अजितने हिला पसंत केलं होतं. मग आत्या कुठे गेली होती त्या वेळी?

"लेन्सचा हट्ट हिचाच हं," अजित म्हणाला. त्याने उठून बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "मी किती सांगितलं, चष्म्यातही छान दिसतेस."

किशोरीच्या हातातून टॉर्च निसटला. तिने तो टेबलाखालून उचलला आणि वर यायला थोडा वेळ घेतला. चष्म्यातही छान दिसतेस. हे एवढं वाक्य आठ वर्षांपूर्वी आत्यासमोर बोलायला याला काय धाड भरली होती?

अजितचा फोन वाजला. कुणीतरी खोल्या विचारत होतं. तो बोलत बोलत बाहेर गेला आणि काचेच्या दारापलीकडे उभा राहिला. पण नजर आतच, बायकोवर. पाच मिनिटंही याला करमत नाही, किशोरीला वाटलं.

तिने रचनाच्या खालच्या पापणीत कागदाची पातळ पट्टी अडकवली. पाच मिनिटांनी काढून बघितली, तर ती जेमतेम ओली झाली होती. कोरडे डोळे. त्यात चुलीचा धूर, खारा वारा, किनाऱ्यावरची रेती. अशा डोळ्यांना रोजच्या रोज फेकून द्यायच्या मऊ लेन्सच मानवतात. त्यांचं खोकं वरच्या खणात होतं.

किशोरीने खालचा खण उघडला.

त्यात महिनाभर वापरायच्या लेन्स होत्या. जाड, स्वस्त. चुलीपुढे बसणाऱ्या कोरड्या डोळ्यांत त्या पंधरा दिवसही धड टिकणार नाहीत, हे तिला माहीत होतं. डोळे चुरचुरतील, लाल होतील, सकाळी उघडायला त्रास होईल. मग ही मुकाट्याने पुन्हा चष्मा लावेल. त्या सुजलेल्या डोळ्यांनाही छान म्हणतो का, बघू दे.

तिने खोकं काउंटरवर ठेवलं.

"या घ्या. तुम्हाला ह्याच बऱ्या." तिचा आवाज अजिबात हलला नाही. "सवय होईपर्यंत थोडं पाणी येईल. बाकी काही विचारायचंय?"

रचनाने खोक्याला हात लावला नाही. तिने आधी बाहेर बघितलं. अजित पाठमोरा झाला होता, कुणाला तरी हातवारे करून रस्ता सांगत होता. ती काउंटरवर वाकली आणि भरभर, एका दमात बोलली.

"ताई, ह्या डोळ्यात असताना कानाखाली जोरात बसली, तर आत फुटत न्हायत ना? गेल्या महिन्यात चष्म्याची काच भुवईत घुसली, म्हणून विचारते."