समोरची किल्ली

क्षेपणास्त्रं सोडायच्या खोलीत दोन किल्ल्या होत्या, एकाच माणसाचे हात दोन्हींना पोचू नयेत एवढ्या अंतरावर. दोन्ही एकदम फिरल्या, की चहा निवायच्या आत अर्ध्या जगाची राख.

भर दुपारी, एका किल्लीवर नेमलेल्या ताईंचा पाळीवरचा जोडीदार आपली किल्ली कुलपातच ठेवून उठला. "चहा घेऊन आलोच, ताई."

दार लागलं. त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढची किल्ली सावकाश फिरू लागली.

मग ताईंचीही हलली. त्यांनी ती हिसडून काढली, तोंडात टाकली आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकली.

समोरची किल्ली थांबली. ताईंच्या पोटातली मात्र हळूच वळली.

"फिर बाई, हवी तेवढी फिर," पोटावर हात दाबून ताई म्हणाल्या. "इथे कुलूप नाही."