शेवट पटत नाही

“आलं पत्र?” बाईंनी विचारलं.

प्रूफवाल्यांनी पाकीट त्यांच्या हातात दिलं. टाइप केलेल्या चार ओळी होत्या. ‘गोष्ट उत्तरोत्तर चांगली होत आहे. पसारा कमी केलात हे उत्तम. मात्र शेवट अजून पटत नाही. पुन्हा लिहावा.’ बाईंनी त्या दोनदा वाचल्या.

“संपादक सगळं वाचतात ना हो?”

“अक्षर न् अक्षर.”

“मग असं कसं लिहितात?”

“मोठी माणसं ती. त्यांना कसली घाई?”

“बायको आहे का त्यांना?”

“मला काय ठाऊक? चल, गाडी आलीय. अकराला मशीन मोकळं होतंय.”

सुयांनी टणक झालेला बाईंचा डावा हात स्वेटरच्या बाहीत चटकन शिरत नसे. प्रूफवाले बाही धरून उभे राहिले.

चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचल्यामुळे त्यांना गल्लीत सगळे प्रूफवालेच म्हणत. बायको शाळेत शिकवायची आणि फावल्या वेळात गोष्टी लिहायची, म्हणजे लिहायला घ्यायची. कपाटात सव्वीस वह्या होत्या आणि एकीतही ‘समाप्त’ नव्हतं. “तुझी माणसं नुसती दारात उभी असतात,” प्रूफवाले चिडवत. “आत ये म्हण, नाहीतर जा तरी म्हण.” बाई हसायच्या आणि नवी वही काढायच्या.

मग मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसचं मशीन. तिसऱ्या महिन्यात एकदा बाई घरी आल्या आणि पायातल्या चपलाही न काढता खुर्चीत बसल्या.

“पुरे झालं आता. उद्यापासून मी जाणार नाही.”

त्या रडल्या नाहीत, याचीच प्रूफवाल्यांना जास्त भीती वाटली. त्यांनी विनवून पाहिलं, ओरडून पाहिलं. शेवटी तोंडाला येईल ते बोलून गेले. “आयुष्यात एक गोष्ट तरी पुरी कर! की हेही अर्धवटच टाकणार?”

लागेल असंच बोलले होते. बाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या.

“बरं. एक पुरी करते. पण पुरी झाली की नाही ते तुम्ही नाही ठरवायचं. तुम्हाला ती कधीच पुरी वाटायची नाही.” त्यांनी एका मासिकाचं नाव घेतलं. शाळकरी वयापासून त्या ते वाचत होत्या. “त्यांच्या संपादकांनी पुरी झाली म्हटलं, की मला कुणी गाडीत बसवायचं नाही. शब्द?”

“शब्द,” प्रूफवाले म्हणाले.

ते मासिक बंद पडून सहा वर्षं झाली होती. शेवटच्या अंकाची प्रुफं प्रूफवाल्यांनीच वाचली होती. बाईंना हे ठाऊक नव्हतं आणि त्यांनी ते सांगितलं नाही. मासिकाचं नाव छापलेल्या, पत्रांसाठीच्या कोऱ्या कागदांचा अर्धा गठ्ठा अजून त्यांच्या ट्रंकेत पडून होता.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ह्यांनी काडी घरीच तयार केली.

त्यांनी टेबल खिडकीशी ओढलं, नवं पेन आणलं, दिव्याचा बल्ब बदलला. “रोज एक पान. थेंबे थेंबे तळे साचे.”

“तळं साचेपर्यंत बेडूक जगायला हवा,” बाई म्हणाल्या, पण लिहायला बसल्या.

महिन्याभराने पहिलं पाकीट तयार झालं. बाईंनी ते स्वतः डिंकाने चिकटवलं. संपादकांच्या आधी कुणी वाचायचं नाही, हा त्यांचा जुना कायदा. लग्नानंतर प्रूफवाल्यांनी एकदा चोरून वाचलं होतं, तर ती गोष्ट तिथेच अडली म्हणून बाई आठ दिवस बोलल्या नव्हत्या. आता तशी जोखीम परवडणारी नव्हती. टपालात टाकायला दिलेलं पाकीट ट्रंकेत कपड्यांखाली गेलं. थोड्या दिवसांनी गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या टपालपेटीत प्रूफवाल्यांनी स्वतःच टाइप केलेलं संपादकांचं उत्तर टाकलं.

असं नऊ महिने चाललं. दुसऱ्या महिन्यापासून पाकिटं एकदम हलकी येऊ लागली. दुसऱ्यांच्या लिखाणातली चरबी कापण्यात जन्म गेलेल्या माणसाला याचं कौतुकच वाटलं, आणि तसं त्यांनी पत्रात लिहिलंही. बाई पत्र वाचत, घडी घालत आणि मुकाट्याने गाडीत बसत. खोटं बोललो खरा, पण पाकीट फोडलं नाही, असं स्वतःला सांगून प्रूफवाले निवांत झोपत. बायको जगत होती. त्यांना दुसरं काही नकोच होतं.

नवव्या पत्रानंतर अकराव्या दिवशी, मशीन चालू असतानाच, बाई गेल्या.

“शांत होत्या हो,” सिस्टर म्हणाली. “कागद मागत होत्या मात्र.”

प्रूफवाल्यांनी ठरवलं, गोष्ट छापायची. अर्धी असेल तर अर्धी. छापखान्याचा मालक जुन्या ओळखीवर तयार झाला. एका सकाळी खिडकीतल्या टेबलावर नऊ पाकिटं ओळीने मांडून, लाल पेन्सिल घेऊन ते बसले. त्यांनी पहिलं पाकीट फोडलं.

अकरा पानं होती. गाव सोडताना शेजारणीची शिडी परत द्यायला निघालेल्या एका बाईची गोष्ट. प्रूफवाले वाचत गेले आणि लाल पेन्सिल एकदाही टेकली नाही. अकराव्या पानाच्या तळाशी ‘समाप्त’ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

ते उठले, पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. दुसऱ्या पाकिटात एकच कागद होता. तिसऱ्यात एकच. मग त्यांनी उरलेली सगळी भराभर फोडली. नवव्यातल्या कागदावरचं अक्षर वाकडं-तिकडं झालं होतं, तरी वाचता येत होतं.

‘मा. संपादक, स. न. वि. वि. गोष्ट पहिल्याच पाकिटात पुरी झाली, हे मी आपल्याला आठव्यांदा कळवते आहे. शेवट हवा तसा बदला. माझं नाव काढा. छापूही नका. फक्त पुरी झाली एवढं दोन ओळींत लिहून पाठवा. मला आता सोसत नाही. हे माझं ऐकत नाहीत. आपलं ऐकतील.’