दगड भरलेली होडी

होडी गाळात सरळ बसली होती. आत दगड नीट रचलेले, आणि दगडांखाली आडवं ठेवलेलं वल्हं.

धोंडिबा भोई गुडघाभर गाळात उभा राहून आपल्याच हातानं बांधलेली ती होडी बघत होता. मागं त्याची सून मुक्ताबाई, डोईवर मासळीची टोपली. धरणात गाव बुडालं तेव्हा टेकडी तेवढी वर राहिली आणि भोयांनी त्या बेटावर घरं थाटली. यंदा दुष्काळानं आणि शहराच्या जाडजूड पाइपांनी मिळून धरण असं शोषलं, की बेटावरची माणसं चालत काठाला येऊ लागली.

याआधी पाणी असं खोल उतरलं होतं ते बारा वर्षांपूर्वी, पण तेव्हा काठाला यायला होडी लागायचीच. त्याच उन्हाळ्यात, वळवाच्या वादळात, धोंडिबाचा लेक बन्सी याच होडीसकट गेला. तीन दिवस गळ टाकून शोधलं. चौथ्या दिवशी मुक्ताबाईच्या बांगड्या फुटल्या. तेव्हापासून ती मासळी विकायची, पण तोंडाला लावायची नाही. या पाण्यातल्या कुठल्या माशानं बन्सीला खाल्लं असेल, कुणी सांगावं? बायका चिडवायच्या, भोयाची सून अन् माळकरी! ती हसून टोपली उचलायची.

धोंडिबानं दोनचार दगड बाजूला केले. तळावरून हात फिरवला. भोक नव्हतं, फळी फुटलेली नव्हती.

"ही बुडाली नाय," तो कसाबसा म्हणाला. "बुडवलीय."

उन्हानं फळ्या तडकू नयेत म्हणून होडीत दगड भरून ती काठालगत बुडवून ठेवायची, ही भोयांची रीत. लेकाला ती बापानंच शिकवली होती. होडीची नायलॉनची दोरी बाभळीच्या खोडाला बांधलेली होती. गाठ बन्सीची, दुहेरी, टोक आत खोचलेलं. समोरच्या चढावरून कारखान्यांकडं जाणारा रस्ता दिसत होता.

टोपली खाली ठेवून मुक्ताबाई गाठीपाशी बसली.

"म्हंजी चालत गेला?"

धोंडिबानं मान खाली घातली. "व्हय."

"होडीची लई काळजी केली," ती म्हणाली.

टोपलीत एक मरळ अजून तडफडत होती. मुक्ताबाईनं ती कल्ल्यात बोट घालून उचलली.

"मामा, ही विकायची नाय. आज मी खाणार हाय."